सुरतेचा जोडा, महाडचे तळे आणि अर्धवट सुधारणांचे पुढे काय झाले

उंबरठा (धागाकर्ता)

काही दिवसांपूर्वी टिळक-गोखल्यांवरच्या एका धाग्यात नेहमीचा वाद नेहमीच्या वळणावर आला. एका सभासदांनी लिहिले की गोखल्यांसारख्या मवाळांच्या अर्जविनंत्यांना इंग्रजांनी केराची टोपली दाखवली आणि जे काही मिळाले ते टिळकांसारख्या जहालांच्या धाकाने मिळाले. दुसऱ्यांनी लगेच उत्तर दिले की जहालांच्या आततायीपणामुळे मिळायचे तेही लांबले. त्या धाग्याचा विषय निराळा असल्यामुळे तिथे मी काही बोललो नाही, पण ही दोन्ही विधाने मला वर्षानुवर्षे खटकत आली आहेत, म्हणून हा नवा धागा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कायदेमंडळांत हिंदी लोकांना थोडाफार वाटा देणाऱ्या १९०९ (मोर्ले-मिंटो) आणि १९१९ (माँटेग्यू) च्या कायद्यांकडे आपण 'काय मिळाले, किती मिळाले, कोणी मिळवले' याच हिशेबाने पाहतो. मिळालेल्या तोकड्या चौकटीत शिरून कोणी काय केले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो विचारला की या गोष्टीतली मुख्य पात्रे बदलतात.

आधी सुरत. २७ डिसेंबर १९०७, तापीकाठी उभारलेला काँग्रेसचा मंडप. अधिवेशन खरे तर नागपूरला भरायचे होते, पण तिथे टिळकांच्या पक्षाचा जोर असल्यामुळे ते सुरतेला हलवले गेले. आदल्या वर्षी कलकत्त्याला स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले होते आणि ते आता पातळ केले जाणार, हा जहालांचा संशय होता. पहिल्या दिवशी गोंधळामुळे सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक व्यासपीठावर चढले, अध्यक्षांच्या निवडीवर उपसूचना मांडू द्या म्हणून हाताची घडी घालून उभे राहिले आणि हलेनात. तेवढ्यात समोरच्या गर्दीतून एक जोडा भिरभिरत आला. लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिशाचे खिळे ठोकलेला दक्षिणी जोडा. तो मवाळ पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या आणि काठ्या चालल्या. नेविन्सन नावाचे इंग्रज वार्ताहर तिथे हजर होते. त्यांनी टिपलेली एक गोष्ट मला जोड्यापेक्षा मोलाची वाटते: टिळकांच्या अंगावर लोक धावून येत असताना गोखले मध्ये पडले आणि दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला उभे राहिले.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. त्याच काळात गोखले लंडनमध्ये भारतमंत्री मोर्लेसाहेबांच्या भेटी घेत होते. टिळक मंडालेला असतानाच १९०९ चा मोर्ले-मिंटो कायदा आला. केंद्रीय कायदेमंडळात निवडून आलेल्या सभासदांची संख्या २७ झाली, सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत मात्र तसेच राहिले आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. स्वतः मोर्ले डिसेंबर १९०८ मध्ये उमरावांच्या सभेत म्हणाले होते की या सुधारणांतून हिंदुस्थानात पार्लमेंटरी पद्धत येणार असेल, तर आपला त्यांच्याशी काही संबंध नाही. देणाऱ्याचा हेतू याहून स्पष्ट असू शकत नाही.

या मंडळात गोखल्यांनी काय केले? १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातली मागणी आज वाचली तर तिच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. जिथे शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जाते, तिथल्याच नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने, तेही सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करावे आणि महिन्याला दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ असावी, एवढेच. वर्षभर ते विधेयक मते मागवत देशभर फिरले. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधात केवळ साहेब नव्हते, काही बडे हिंदी जमीनदारही होते. पुढच्या पिढ्या आपल्या यशाने देशाची सेवा करतील, आम्हाला ती मुख्यतः आमच्या अपयशानेच करायची आहे, अशा अर्थाचे गोखल्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

इथे बहुतेक पुस्तकांत प्रकरण संपते आणि 'मवाळांचे राजकारण फसले' असा शेरा पडतो. प्रत्यक्षात विधेयक मेले नाही, त्याने फक्त मंडळ बदलले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी जवळपास तीच कल्पना मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात नगरपालिकांपुरती मंजूर करून घेतली. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, न्याय, जमीनमहसूल ही वजनदार खाती गव्हर्नरकडे 'राखीव' राहिली; शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही बिनपैशाची खाती हिंदी मंत्र्यांकडे 'सोपीव' म्हणून आली. काँग्रेसने या चौकटीवर बहिष्कार घातला आणि राजकीय दृष्टीने त्यात तथ्य होते.

पण जरा थांबून पाहू. शाळा, दवाखाना, विहीर, तळे, धर्मशाळा ही राजकारण्यांच्या लेखी दुय्यम खाती होती, आणि जातीचा काच माणसाला रोज उठून नेमका तिथेच बसत होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या याच कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सरकारी व कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. बोले भंडारी समाजातले आणि मुंबईच्या कामगारांत वावरलेले. ते ना टिळकांच्या पंगतीतले, ना गोखल्यांच्या. साडेतीन वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर जो सत्याग्रह घडला त्याला कायद्याचा आधार या ठरावाचा होता.

म्हणून माझा प्रश्न असा की लोकशाही सुधारणांचे भवितव्य खरोखर जहाल-मवाळांच्या झुंजीत ठरले, की त्या दोघांनीही ज्यांना पुरते मोजले नव्हते त्यांनी ते ठरवले?

त्रयस्थ

लेख आवडला, पण एक मोठी गोष्ट आपण फार हलक्या हाताने उरकली आहे. 'त्याच काळात गोखले लंडनमध्ये होते' हे वाक्य योगायोगाच्या सुरात आले आहे. तो योगायोग नव्हता. मवाळांना जवळ ओढायचे, जहालांना चिरडायचे आणि दोन्ही कामे एकाच वेळी करायची, हे त्या वेळचे सरकारी धोरण होते. एका हातात सुधारणांचा कायदा, दुसऱ्या हातात राजद्रोहाचे कलम आणि १९१० चा वृत्तपत्र कायदा. मंडालेचा तुरुंग नसता तर मोर्लेंना गोखल्यांशी इतक्या सौजन्याने बोलण्याची गरजच भासली नसती.

गोखल्यांनी टिळकांना अडकवले अशी कुजबूज तेव्हाही झाली होती. तिला पुरावा नाही आणि ती मी करतही नाही. माझा मुद्दा व्यक्तींचा नसून यंत्रणेचा आहे. जहाल जितके धोकादायक दिसतील तितकी मवाळांची किंमत वाढते, आणि मवाळांना काही दिले की जहालांना 'अतिरेकी' म्हणून वेगळे पाडणे सोपे जाते. मंडळात २७ जागा मिळाल्या त्यांची किंमत कोणीतरी तुरुंगात मोजत होते, हे लेखात यायला हवे होते.

जुनी वही

त्रयस्थ यांच्याशी सहमत आहे, मात्र 'जहाल' आणि 'मवाळ' हे शब्द जन्मजात असल्यासारखे वापरले जातात ते मला पटत नाही. १८९५ ते १८९७ या काळात टिळक स्वतः मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. त्याच १८९५ मध्ये त्यांच्या पक्षाने पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था ताब्यात घेतली आणि रानड्यांना पुढच्या वर्षी डेक्कन सभा वेगळी काढावी लागली. म्हणजे सुरतेच्या जोड्याच्या बारा वर्षे आधी पुण्यात घर फुटले होते आणि तेव्हा भांडण स्वराज्याचे नव्हते. सामाजिक सुधारणेचे, संमतिवयाच्या कायद्याचे आणि संस्थेच्या चाव्या कोणाच्या कमरेला याचे होते.

दुसरे टोक पाहा. एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस लोकशाही पक्षाचा जाहीरनामा काढला. माँटेग्यू सुधारणा अपुऱ्या आहेत, तरी त्या जेवढ्या कामाच्या असतील तेवढ्या राबवून घ्यायच्या आणि पुढचे लवकर मिळवायचे, ही त्यातली भूमिका होती. 'प्रतियोगी सहकारिता' हा शब्द त्याच सुमाराचा. म्हणजे आयुष्याच्या अखेरीला जहालांचा पुढारी, मिळेल ते पदरात घेऊन उरलेल्यासाठी भांडायचे, या जागी उभा होता. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकाराला सुरुवात झाली. ते आणखी दोन-तीन वर्षे जगते तर मुंबईच्या कायदेमंडळात कोण बसले असते, हा प्रश्न मला नेहमी छळतो. उत्तर माझ्याकडे नाही.

आणि मवाळांची कमाई शून्य म्हणणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेब. गोखल्यांनी १९०२ च्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणापासून मिठावरचा कर लावून धरला होता. तेव्हा तो मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. याचे सगळे श्रेय भाषणांना देणे भाबडेपणाचे होईल, कारण खजिन्यात शिल्लक होती. पण शिल्लक असताना कर कोणता कमी करायचा हे कोणीतरी सतत कानीकपाळी ओरडत होते म्हणून ठरले. सुरतेच्या भांडणात मंडपात बसलेल्या कोणाच्याही घरच्या आमटीला जो फरक पडला नसेल, तो मजुराच्या भाकरीबरोबरच्या चटणीला पडला.

पाटाचे पाणी

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे, ज्यांना मोजले नव्हते त्यांनीच ते ठरवले; पण त्यांनी तो प्रश्न १९२३ पासून सुरू केला, तो बराच आधी सुरू होतो.

१८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात तिथे गेले आणि त्यांनी सांगितले की या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून हा देश ओळखू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, आणि त्या प्रजेला शिक्षण द्या. प्रतिनिधित्वाचा प्रश्न म्हणून मी या प्रसंगाकडे पाहतो: 'हे लोक आमच्या वतीने बोलत आहेत, पण आम्ही त्यांना पाठवलेले नाही.'

मग या सूत्रावर पुढे सरका. १९१७ मध्ये माँटेग्यू घोषणा झाल्यावर मराठा, जैन, लिंगायत अशा समाजांनी मतदारसंघांची मागणी केली. अथणीच्या सभेत टिळक त्यावर जे बोलले, ते तेली, तांबोळी, कुणबी कायदेमंडळात जाऊन काय करणार, अशा अर्थाचे असल्याचे सांगितले जाते. नेमक्या शब्दांवर आजही वाद आहे, त्यामुळे मी ते अवतरणात टाकत नाही. पण त्या भाषणाने बहुजन समाजात जी जखम झाली ती खरी होती. दुसरीकडे, मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यता निवारक परिषदेत टिळक म्हणाले की देव अस्पृश्यता मानू लागला तर त्याला मी देव म्हणणार नाही. सभा भारून गेली. त्यानंतर, रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या, त्यावर मात्र टिळकांची सही झाली नाही. सुधारणेच्या राजकारणात भाषण आणि सही यांच्यातले हे अंतर फार जुने आहे.

आता २७ जानेवारी १९१९ कडे या. मत कोणाला द्यावे हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीपुढे सिडनहॅम कॉलेजातला सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक साक्ष देतो आणि सांगतो की मतदानाची अट मिळकतीवर बेतली तर ज्यांना समाजाने मिळकत करूच दिली नाही ते कायमचे बाहेर राहतील. डॉ. आंबेडकर तेव्हा कोणत्याही पक्षाचे नेते नव्हते. त्यांच्या साक्षीनंतर अस्पृश्यांना मिळाले काय, तर सरकारने नेमलेल्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या जागा. मराठा व तत्सम जातींना सात राखीव जागा मिळाल्या. स्वराज्य कधी यावर जहाल आणि मवाळ भांडत होते. स्वराज्यात मोजदाद कोणाची होणार यावर त्यांच्यात भांडण फारसे नव्हतेच.

त्रयस्थ

पाटाचे पाणी, शेवटचे वाक्य जरा जास्त ताणले आहे. गोखल्यांचे विधेयक काय होते मग? दहा रुपयांच्या आतल्या बापाच्या मुलाचा विचार कोणीतरी करत होतेच की.

पाटाचे पाणी

विचार करत होते, हे मान्य. पण त्या बापाला मत द्यावे असे त्यांनी म्हटले नव्हते. शिक्षण आधी, मत नंतर, असा तो क्रम होता. आंबेडकरांनी तो उलटा केला: मत हेच शिक्षण आहे. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत, पण दोन्ही एक नाहीत.

गावकूस

एक साधी विचारणा. १९१९ च्या कायद्याप्रमाणे मत नेमके कोणाला होते? 'मिळकतीची अट' म्हणजे किती मिळकत?

उंबरठा (धागाकर्ता)

गावकूस, मुंबई इलाख्याच्या ग्रामीण मतदारसंघांत सर्वसाधारणपणे वर्षाला ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन, असा निकष होता. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात तो १६ रुपये होता. शहरात घरपट्टी, भाडे आणि प्राप्तिकर यांवर ठरत असे. ३२ रुपये सारा म्हणजे दोन-चार एकरांचा कोरडवाहू कुणबी नव्हे, बऱ्यापैकी बांधाबांधाने जमीन असलेला माणूस. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक मंडळांचे मतदार पन्नास लाखांच्या आसपास होते. मुंबईच्या मंडळात निवडून येणारे ८६ सभासद या चाळणीतून येत होते.

आणि तरीही, इतक्या बारीक चाळणीतून आलेल्या मंडळाने बोल्यांचा ठराव मंजूर केला. माझे कुतूहल तिथेच आहे.

त्रयस्थ यांचा तुरुंगाबद्दलचा आक्षेप मान्य आहे. ते वाक्य योगायोगाच्या सुरात लिहायला नको होते.

शेजघर

चार पुरुषांनी भिंतीएवढे प्रतिसाद लिहिले आणि अर्ध्या प्रजेचा उल्लेख अजून झालेला नाही, म्हणून मी लिहिते.

१९१९ च्या कायद्याने बायकांना मत दिले नाही, प्रांतिक मंडळांनी हवे तर द्यावे असे म्हणून हात झटकले. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबईने ठराव करून ती आडकाठी काढली. मुंबई इलाख्यात त्यासाठी खटपट करणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. मिळकतीची अट कायम असल्यामुळे हा हक्क पोचला तो नावावर जमीन किंवा घर असलेल्या बायकांपर्यंत. बाईच्या नावावर मिळकत केव्हा येत असे? बहुधा नवरा गेल्यावर. कुंकू पुसले की मत, असा त्या काळच्या कायद्याचा अर्थ माझ्या आजीच्या भाषेत सांगता येईल.

पुण्याची एक गोष्ट याच संदर्भात आठवते. पटेलांच्या कायद्यानंतर पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा टिळक पक्षाचे म्हणणे पडले की पैसा अपुरा आहे, आधी मुलग्यांचे करू, मुलींचे मागाहून पाहू. १९२० च्या सुमारास या प्रश्नावर पुणे पेटले होते. विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाईंसारख्या मंडळींनी मुलींसाठी आवाज उठवला आणि बायकांची मिरवणूक रस्त्यावर निघाली. 'पैसा अपुरा आहे, तुमचे मागाहून' हे उत्तर गोखल्यांच्या विधेयकाला साहेबाने दिले होते. आठ वर्षांत तेच उत्तर स्वराज्यवाद्यांच्या तोंडून नगरपालिकेच्या सभागृहात ऐकू आले. गोखल्यांचे विधेयकही मुलग्यांपुरतेच होते, हेही लक्षात असू द्या.

सावित्री नदी

माझे आजोळ महाडचे. लहानपणी सुट्टीत चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही भावंडे बसत असू, तेव्हा आजूबाजूच्या घरांच्या माड्या इतक्या जवळ का आहेत याचा विचार कधी केला नव्हता. मोठेपणी कळले की तो जवळपणाच पुढे तळ्यावरून झालेल्या खटल्यात मुद्दा झाला.

धागाकर्त्यांनी बोले ठरावाला महाडचा आधार म्हटले, ते बरोबर आहे, पण ठराव आणि पाणी यांच्यामध्ये काय काय घडले तेही पाहावे. ऑगस्ट १९२३ मध्ये ठराव, सप्टेंबरमध्ये सरकारचे परिपत्रक. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे तिथे होती म्हणून तो झाला. त्यानंतर तीन वर्षे काहीही झाले नाही. तळे कागदावर उघडे होते आणि एकाही महाराने त्यात ओंजळ बुडवली नव्हती. दरम्यान १९२६ मध्ये बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला, की पहिला न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान बंद करावे. पहिल्या ठरावाची अवस्था काय होती, हे यावरूनच कळते.

१९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली आणि २० तारखेला हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि मंडपात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या पडल्या. पुढे तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्रोच्चारात ते 'शुद्ध' करण्यात आले. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष वेधतो. स्थानिक स्वराज्य ही जी सुधारणा म्हणून आली होती, तिनेच तळे उघडले आणि तिनेच ते मिटले. निवडून आलेल्या सभेला चांगला ठराव करता येतो तसा तो मागेही घेता येतो. त्यामुळे 'चौकटीत शिरून काम केले' हे अर्धेच सत्य आहे. मंडळाने दार दाखवले, ते ढकलायला मात्र माणसांना उन्हातून चालत जावे लागले आणि डोकी फोडून घ्यावी लागली. जहाल-मवाळ हे शब्दच वापरायचे तर महाडचा सत्याग्रह यांपैकी काय? मागणी सरकारी ठरावाच्या अंमलबजावणीची, म्हणजे मवाळांहून मवाळ. कृती मात्र अशी, की पुण्याच्या कोणत्याही जहालाला झेपली नसती.

उंबरठा (धागाकर्ता)

सावित्री नदी, ऑगस्ट १९२७ मध्ये ठराव मागे घेतला गेला, हे मला माहीत होते आणि तरीही लेखात घालायचे सुचले नाही. कारण उघड आहे, माझ्या मांडणीत ते बसत नव्हते. सुधारणा एकदा कागदावर आली की ती हळूहळू का होईना पुढेच जाते, असे मी नकळत गृहीत धरले होते. महाडने ते खोटे ठरवले. शेजघर यांनी दाखवलेली पुण्याची नगरपालिकाही तेच सांगते.

तरी एका मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. ऑक्टोबर १९२८ मध्ये सायमन कमिशन पुण्यात आले. काँग्रेसचा बहिष्कार, उदारमतवाद्यांपैकी बहुतेकांचा बहिष्कार, रस्त्यात काळे झेंडे. डॉ. आंबेडकर समितीपुढे गेले आणि त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितले. त्याबद्दल त्यांना देशद्रोहीसुद्धा म्हटले गेले. बहिष्कार घालणाऱ्यांची बाजू मला समजते, ज्या समितीत एकही हिंदी माणूस नाही तिच्यापुढे जायचे कशाला, हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. पण १९३५ च्या कायद्यानंतर मतदार साडेतीन कोटींच्या घरात होते आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते १७ कोटींवर गेले, ही उडी मारताना घटना समितीसमोर जी मागणी होती ती काळे झेंडे फडकत असताना पुण्यात नोंदवलेली होती. नेहरू अहवालातही त्याच वर्षी प्रौढ मतदान आहे, हे मान्य करून मी हे म्हणतो आहे. श्रेय एकट्याचे नाही.

जुनी वही

सावित्री नदी, खटल्याचे पुढे काय झाले? घरांच्या जवळपणाचा मुद्दा आला असे आपण म्हणालात. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला आणि म्हणून दुसऱ्या वेळी तळ्यावर न जाता मनुस्मृतीचे दहन झाले, इथपर्यंत ठाऊक आहे.

सावित्री नदी

खटला दहा वर्षे चालला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, आणि मालकीचे नसले तरी अस्पृश्यांना मनाई करण्याची आमची पूर्वापार वहिवाट आहे, असा वादींचा, म्हणजे महाडच्या सवर्णांचा, दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. तळे नगरपालिकेचे, हे ठरलेच होते. वहिवाटीबद्दल न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की तळे चारी बाजूंनी सवर्णांच्या घरांनी वेढलेले असल्यामुळे पूर्वी तिकडे अस्पृश्य कधी फिरकले नसतील, पण जिथे कोणी आलेच नाही तिथे त्याला अडवल्याची प्रथाही सिद्ध होत नाही, आणि अनादि काळापासूनची वहिवाट कायद्यात बसण्याइतकी शाबीत झालेली नाही.

म्हणजे निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, पण अस्पृश्यता चूक आहे म्हणून नव्हे. वादींना पुरावा देता आला नाही म्हणून. ती चूक आहे असे कायद्याच्या भाषेत सांगणारी राज्यघटना अमलात यायला अजून तेरा वर्षे जायची होती.